‘व इतर’ यांचे पान

या, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलं की निम्मं ऐकणं भिंत घेते आणि उरलेलं झोप. पुढे या, मांडी घाला, आणि शेजारच्याच्या सुनेची चौकशी थोडा वेळ तशीच राहू द्या. गोष्ट एका माणसाची आहे. याने जन्मभर सगळ्या जगाकडे पुरावा मागितला, आणि जगाला एक गोष्ट सांगावी असं त्याच्या मनात आलं त्या दिवशी नेमका त्याच्याच खिशात पुरावा नव्हता. गोष्ट लहान आहे, पण तिच्यात एक गाणारी बाई आहे. तिच्यासाठी तरी ऐका.

या गृहस्थांना सगळी सोसायटी ‘पुरावासाहेब’ म्हणायची. विम्याच्या कचेरीत दावे तपासण्यात त्यांची नोकरी गेली. एका छत्रीवाल्याचं दुकान जळालं, तेव्हा साहेबांनी त्याला शांतपणे विचारलं होतं, “जळालेल्यांपैकी एखादी न जळालेली छत्री दाखवू शकाल का? म्हणजे माल काय प्रतीचा होता ते कळेल.” माणूस वाईट नव्हता बरं. चहा घेतल्याशिवाय कुणाला दारातून जाऊ द्यायचा नाही. फक्त चहात साखर घातली आहे, हे चव घेतल्याशिवाय मानायचा नाही.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी घरातल्या फडताळाची तपासणी सुरू केली. तिसऱ्या दिवशी बायकोने हात टेकले आणि परदेशी असलेल्या मुलीला फोन लावला. “तुझ्या वडिलांना काहीतरी काम दे. नाहीतर मी तरी घर सोडते, नाहीतर डबे तरी.” मुलीने फोनवरूनच त्यांना इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशाची वाट दाखवली. तिथे कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, पैसा कुणाला मिळत नाही, आणि भांडणं मात्र भाऊबंदकीला लाजवतील अशी.

साहेब लिहायला गेले आणि खोडण्यात रमले. त्या ज्ञानकोशाचा एक नियम आहे, उल्लेखनीयतेचा. कुणाच्याही नावाचं पान तिथे होत नाही. त्या माणसाशी ज्यांचा काही संबंध नाही अशा विश्वासू लोकांनी त्याच्याविषयी सविस्तर लिहून, छापून ठेवलेलं असावं लागतं. स्वतः सांगितलेलं चालत नाही. घरच्यांनी सांगितलेलं चालत नाही. अमुक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, हेही चालत नाही. साहेबांनी तो नियम वाचला आणि त्यांना आपलं घर सापडलं. एका दातांच्या डॉक्टरने स्वतःच स्वतःला ‘जगद्विख्यात’ लिहून घेतलं होतं, त्याला साहेबांनी सकाळच्या चहाआधी काढलं. एका कवीच्या पानाला संदर्भ म्हणून त्याच्याच लग्नाची पत्रिका जोडली होती. कवी गेला. ज्या वाक्याला आधार नाही त्याच्यापुढे साहेब चौकटी कंसात ‘संदर्भ हवा’ असं चिकटवत. त्यात त्यांना इतका आनंद व्हायचा, की बायकोने “डोकं दुखतंय” म्हटलं तरी बोटं शिवशिवायची.

ही बातमी सोसायटीत पसरायला कितीसा वेळ! पहिले आले चेअरमन. यांचं फरशीचं दुकान, आणि बोलणं असं की समोरचा माणूस घसरलाच पाहिजे.

“साहेब, ऐकलं ते खरं का? कोण मोठा आणि कोण नाही, हे म्हणे तुम्ही ठरवता?”

“मी ठरवत नाही. नियम ठरवतो.”

“तेच हो. मग नियमाला सांगा, सलग तिसऱ्यांदा बिनविरोध चेअरमन आहे म्हणावं.”

“बिनविरोध म्हणजे कुणी दुसरं उभंच राहिलं नव्हतं.”

“तेच तर मोठेपण!” चेअरमन म्हणाले आणि दोन बिस्किटं घेऊन गेले.

साहेबांनी असे सगळे परतवले. नाकावर माशी बसू दिली नाही. आणि मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, “अहो, मावशीचं एक पान करा ना.”

आता ही मावशी कोण ते सांगतो. बायकोच्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिला मावशीनेच वाढवलं. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवलं, आणि उरलेला सगळा जन्म बुवांच्या मागे उभी राहिली. बुवा म्हणजे गाऊन प्रवचन करणारे. काय त्यांचा गळा, आणि काय ती रंगवून सांगायची हातोटी! एकाच कथेत माणसाला हसवतील, रडवतील, आणि घरी जाऊन भावाला फोन करायला लावतील. पण बुवा एक चरण गाऊन श्वास घ्यायला थांबले, की मागून ध्रुपद, म्हणजे पदाची परतून येणारी ओळ, उचलायचं कुणीतरी लागतं. तिथे मावशी. बुवांच्या खुर्चीच्या मागे, अर्धं पाऊल डावीकडे. तिने ध्रुपद धरलं की सभागृहातला शेवटच्या रांगेतला, बायकोने ओढून आणलेला माणूसही नकळत गुणगुणायला लागायचा.

“मावशींचं पान?” साहेब म्हणाले. “संदर्भ काय आहेत?”

बायकोने हातातली शेंग खाली ठेवली. “इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे काय मागितलं?”

साहेब उत्तर शोधू लागले. तेवढ्यात ती म्हणाली, “संदर्भासहित सांगा.” आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चहा आला. साहेबांनी चव घेतली. साखर नव्हती. पुरावा मिळाला.

मग काय, साहेब निघाले सार्वजनिक वाचनालयात, जुनी वर्तमानपत्रं चाळायला. मनात म्हणाले, जी बाई इतकी वर्षं गायली तिच्याविषयी कुणी ना कुणी लिहिलं असणारच. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं.

“जुने अंक फक्त संशोधकांना.”

“मी संशोधकच आहे.”

“दाखला?”

“कसला?”

“संशोधक असल्याचा.”

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. मला, पुरावा मागता? मला? पण तोंडाने ते इतकंच म्हणाले, “दाखला कोण देतं?”

“ज्या संस्थेसाठी संशोधन करता ती. लेटरहेडवर.”

“आमच्या संस्थेला लेटरहेड नाही. ऑफिस नाही. शिपाईसुद्धा नाही.”

“मग ती संस्था आहे कशावरून?” ग्रंथपालांनी विचारलं. प्रश्न चोख होता. साहेबांना त्या माणसाविषयी, रागाच्या तळाशी, थोडा आदर वाटला. शेवटी सोसायटीच्या लेटरहेडवर चेअरमननी लिहून दिलं: ‘सदर इसम संशोधक असून स्वभावाने चिकित्सक व भांडकुदळ आहे.’ त्यावर शिक्का बसला आणि काम झालं.

धुळीत शिंकत साहेबांनी अंकांमागून अंक पाहिले. बातम्या होत्या, भरपूर होत्या. ‘बुवांच्या रसाळ प्रवचनाने श्रोते मंत्रमुग्ध.’ खाली लिहिलेलं, पेटीवर अमुक, तबल्यावर तमुक व इतर. पुढच्या वर्षी पेटीवाला बदलला, तबलजी बदलला, ‘व इतर’ तेच. एका बातमीत सतरंज्या पुरवणाऱ्या मंडपवाल्याचं नाव होतं, मालकाच्या वडिलांसकट. मावशी तिथेही ‘व इतर’. एकदाच फोटो छापलेला सापडला. साहेब हरखून खिडकीपाशी गेले. बुवांनी हात उंच केलेला, डोळे मिटलेले, आणि त्यांच्या कोपराच्या मागे एक कान, थोडे केस आणि अर्धी हनुवटी. मथळा: ‘बुवा प्रवचन करताना’. नियमाच्या हिशोबाने पाहिलं तर त्या फोटोत बुवांचं कोपर मावशींपेक्षा उल्लेखनीय होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला फोटोची प्रत दिली. तिने बराच वेळ पाहिली. “हा तिचाच कान,” ती म्हणाली. चहात साखर आली, पण अर्धा चमचा.

जिना चढता-उतरता चेअरमनना हे कळलंच. “अहो, बातमी नाही म्हणून अडलंय होय? मग बातमी करू! सत्कार ठेवू. पेपरवाला माझ्या रोजच्या बसण्यातला आहे.”

साहेब म्हणाले, बातमी मुद्दाम घडवणं तत्त्वात बसत नाही. चेअरमन म्हणाले, “सत्कार खोटा आहे का? बाई खोटी आहे का? मग?” बायको दारात उभी होती, तिच्याकडे पाहून साहेबांनी मान हलवली.

मग सगळी सोसायटी मदतीला धावली. त्यानंतर माणसाला वाचवणं अवघड असतं. मंचावर कोण बसणार यावरून सभा झाली. अध्यक्ष चेअरमन, प्रमुख पाहुणे चेअरमनचे व्याही, स्वागताला खजिनदार, आभाराला ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते. कुणीतरी म्हणालं, “आणि मावशी?” सगळे म्हणाले, हो हो, एक खुर्ची वाढवा. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर चेअरमन फाटकाएवढे, व्याही खिडकीएवढे, आणि कोपऱ्यात गोलात ‘सत्कारमूर्ती’. फ्लेक्सवाल्याला मावशींचा फोटो कुणी दिलाच नव्हता, म्हणून त्याने हाताशी असलेला कापून लावला. गोलात ठळकपणे बुवांचं कोपर होतं.

इकडे साहेबांनी ज्ञानकोशात पान लिहायला घेतलं. संदर्भ बातमी आली की जोडायचे, तोवर मजकूर तयार ठेवू, असा विचार. आयुष्यात पहिल्यांदा ते खोडायला नाही, लिहायला बसले होते, आणि त्यांना कळलं की हे काम भलतंच जड आहे. मावशींना विचारून लिहिलं तर ते ‘स्वतः सांगितलेलं’. बायकोला विचारलं तर ‘घरच्यांनी सांगितलेलं’. तरी त्यांनी एकेक वाक्य मांडलं आणि प्रामाणिकपणे प्रत्येकापुढे आपली खूण लावली: संदर्भ हवा. इतक्या खुणा झाल्या की पान पाहिलं तर मावशींपेक्षा खुणाच जास्त दिसत.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं. बुवांनाही मंचावर आणून बसवलं होतं, आणि मावशींना मधली खुर्ची दिली होती. त्या आल्या, सगळ्यांना नमस्कार केला, खुर्चीकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन बुवांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. अर्धं पाऊल डावीकडे.

“अहो मावशी, इथे बसा, इथे!” चेअरमन माइकमधून म्हणाले.

“बसा तुम्ही. मला इथून नीट दिसतं,” मावशी म्हणाल्या.

चेअरमनचं भाषण झालं. त्यात फरशीच्या धंद्यातल्या सुरुवातीच्या हालअपेष्टा आल्या, चेअरमनपदाच्या तिन्ही कारकिर्दी आल्या, आणि शेवटी, “अशा या मावशींना काय द्यावं!” असं म्हणून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. पेपरवाल्याने तेवढ्याचा फोटो घेतला. त्याला आणखी दोन कार्यक्रम उरकायचे होते. “माहिती कुठे मिळेल?” त्याने घाईत विचारलं. “सगळी नेटवर आहे,” चेअरमन अभिमानाने म्हणाले. पेपरवाला गेला.

तो गेला आणि मग जे झालं ते ऐका. बुवांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बुवा आता फार थकलेले, आवाज विरळ झालेला. बोलण्याऐवजी त्यांनी डोळे मिटले आणि आपलं जुनं आवडतं पद सुरू केलं. पहिला चरण आला. दुसऱ्या चरणावर हात उंच केला, आणि थांबले. पुढचं आठवेना. हात तसाच वर. मनुष्यजन्मातला तो क्षण फार वाईट हो, ज्याचं सगळं आयुष्य ज्या शब्दांत गेलं ते शब्दच पाठ फिरवून बसले आहेत, आणि समोर माणसं पाहत आहेत.

आणि मागून, कोपराच्या मागून, आवाज आला:

“हाक तर मार, ऐकणारा आहे.”

तेच ध्रुपद. काही मोठा आवाज नव्हता. वयाने थोडा खरखरीत, पण सुराला पक्का. मावशींनी ते दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पहिली रांग म्हणू लागली. तिसऱ्यांदा सगळं सभागृह. व्याही म्हणत होते, खजिनदार म्हणत होते, चेअरमन स्वतःचं नाव नसलेलं काहीतरी माइकमध्ये म्हणत होते. बुवांच्या चेहऱ्यावर रंग परतला, शब्द परतले, आणि हात अलगद खाली आला. साहेबांच्या शेजारी बायको उभी राहून गात होती. साहेबांना गाता येत नाही. ते नुसते ओठ हलवत होते, आणि मनात एकच घोर लागला होता: हे मी पाहिलं. आणि मी पाहिलेलं चालत नाही.

सकाळी पेपर आला. ‘फरशी-उद्योजकाच्या हस्ते सत्कार’. खाली मजकूर. साहेब वाचू लागले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मजकूर त्यांचाच होता. शब्दन् शब्द. आणि जसाच्या तसा! ‘मावशींनी वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रथम ध्रुपद धरले संदर्भ हवा. त्यांचा आवाज श्रोत्यांना आपलासा वाटतो संदर्भ हवा. त्या शाळेत शिवण शिकवीत संदर्भ हवा.’ पेपरवाल्याने खुणांसकट सगळं उतरवून छापलं होतं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर येऊन विचारलं, “काय हो, त्या बाईंना संदर्भ हवाय असं सारखं लिहिलंय. मिळाला नाही का अजून? काही कमी असेल तर वर्गणी काढू.”

आता ही बातमी संदर्भ म्हणून जोडली तर काय होणार? साहेबांच्या वाक्याला पेपरचा आधार, आणि पेपरला साहेबांच्या वाक्याचा. ज्याने जामीन राहायचं तोच कर्जदार. असा दावा कचेरीत आला असता तर साहेबांनी तो दुपारच्या जेवणाआधी फेटाळला असता.

त्यांनी बातमी जोडली नाही. चेअरमननी जोडली. शिवाय स्वतःच्या नावाचंही एक पान उघडून त्याला तीच बातमी लावली.

संध्याकाळपर्यंत ज्ञानकोशावर चर्चेला तोंड फुटलं. ‘तटस्थ’ नावाने लिहिणारा एक संपादक तिथे होता. कोण, कुठला, कुणाला ठाऊक नाही. साहेबांनी त्याच्या खांद्याला खांदा लावून कित्येक पानं काढली होती. त्याने लिहिलं: ‘दोन्ही पाने काढावीत. एकच बातमी, तीही आपल्याच मजकुरावरून उतरवलेली. खात्री हवी असल्यास बातमीत जागोजागी आपली खूण पाहावी.’

चेअरमन बिनविरोध निवडून येणारे गृहस्थ, त्यांना विरोध कसा तो माहीत नव्हता. त्यांनी दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवरून ‘रसिक’, ‘खरा रसिक’, ‘अतिशय खरा रसिक’ अशा नावांनी एकामागून एक लिहिलं: ‘पान ठेवा!’ ‘मावशी अमर आहेत!’ ‘चेअरमनही!’ तासाभरात तटस्थाने ओळखलं की ही सगळी एकाच हाताची बाहुली आहेत, आणि त्या हाताबद्दलचा संशय त्याने पान लिहिणाऱ्यावर घेतला. साहेबांना ताकीद आली: ‘आपल्यासारख्या अनुभवी संपादकाकडून ही अपेक्षा नव्हती.’

साहेबांनी ती ताकीद दोनदा वाचली. जन्मात कुणी त्यांना लबाड म्हटलं नव्हतं. बायको मागे येऊन उभी राहिली. तिने सगळं वाचलं.

“तुम्ही एक शब्द लिहिलात तर ठेवतील का?” तिने विचारलं.

“माझं तिथे थोडं वजन आहे. अजून. सांगितलं की मी स्वतः तिथे होतो, सगळ्या सभेने ऐकलंय, तर कदाचित चार दिवस तरी टिकेल.”

“मग?”

“मग त्या दातांच्या डॉक्टरला मी काढलं ते कशाच्या जोरावर?”

साहेबांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, आणि लिहिलं: ‘पान मीच लिहिले. नियमानुसार काढावे.’ जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘बाई मात्र खऱ्या आहेत.’ मग आपल्याच हाताने त्या ओळीपुढे खूण लावली. संदर्भ हवा.

पान गेलं. चेअरमनचंही गेलं. त्याबद्दल मात्र त्यांनी साहेबांशी बोलणं टाकलं, आणि तेवढंच काय ते या सगळ्यातून साहेबांच्या पदरात पडलं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं मावशींकडे गेली. मावशी शिवणयंत्रापाशी बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. भिंतीवर घड्याळ लागलं होतं, अर्धा तास मागे. साहेबांनी जे झालं ते सगळं सांगितलं, आवाज खाली ठेवून, दावा फेटाळल्याचं कळवताना ठेवायचे तसा.

“म्हणजे मला काढून टाकलं?” मावशी म्हणाल्या.

“हो, मावशी. मीच.”

“बरं झालं की घरच्या माणसाने काढलं. परक्याने काढलं असतं तर वाईट वाटलं असतं.” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “लिहिलं होतंत तरी काय, जावईबापू? वाचा की.”

साहेबांनी खिशातून प्रत काढून वाचलं. मावशी ऐकत होत्या, मध्येच मान हलवत होत्या.

“बाविसाव्या वर्षी नाही. तेव्हा मला गाताना हुंदका यायचा, बुवा उभंच करायचे नाहीत. आणखी चार-पाच वर्षांनी. आणि हे सारखं काय म्हणता, संदर्भ हवा, संदर्भ हवा? मी बसलेय ना इथे समोर.”

“तुम्ही चालत नाही, मावशी. स्वतंत्र माणूस लागतो.”

मावशी इतक्या हसल्या की अभ्रा मांडीवरून खाली पडला. “ते मात्र बरोबर आहे! जन्म गेला बुवांच्या मागे उभी राहून, मी कुठली स्वतंत्र!” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “पण लिहिलंय छान हो. ती प्रत इथेच ठेवा. मंडपवाल्याच्या मुलाला दाखवेन, त्याच्या वडिलांचं नाव पेपरात आलं होतं म्हणून फार मिरवतो.”

परत येताना रस्त्याच्या वळणावर बायको हळूच गुणगुणायला लागली. तेच ध्रुपद. ती श्वास घ्यायला थांबली, आणि साहेबांनी, आयुष्यात कधी नाही ते, मागून उचललं. सूर भलत्याच गल्लीत गेला.

“अहो, खाली. जरा खाली,” ती म्हणाली.

“असं?”

“असं नाही. पण चालू द्या.”

घरी आल्यावर चहा झाला. साखर किती होती ते साहेबांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

तर अशी ही गोष्ट. आज त्या ज्ञानकोशात मावशींना शोधायला जाल तर ‘असे पान अस्तित्वात नाही’ एवढंच दिसेल. नियमाचं चुकलं असं मी म्हणत नाही. नियम नसता तर तिथे सगळे चेअरमनच असते. देवाच्या घरी उल्लेखनीय कोण ते कुठल्या नियमाने ठरतं, हे मला ठाऊक नाही. तिथे वर्तमानपत्र जात नसावं, एवढी आशा आहे. तुमच्याकडे माझं मागणं फार लहान आहे. उद्या पेपर उघडाल, कसल्याशा समारंभाची बातमी वाचाल, नावांमागून नावं येतील आणि शेवटी ‘व इतर’ येईल. तिथे घाईने पुढे जाऊ नका. एक श्वास थांबा, आणि कोपरामागे उभ्या असलेल्या आमच्या मावशींची आठवण काढा. ध्रुपद तोंडात आलं तर म्हणा. संदर्भ कुणी मागणार नाही.